टाकणारे दुसरे होते

माझा मुलगा बास्केटबॉल खेळून घर चालवतो असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघायचे. मी पाच फुटांचीसुद्धा नाही. मग विचारायचे, टीव्हीवर दिसतो का? नाही दिसत. बाकावर बसतो. टीममधला कोणी दमला, किंवा समोरचा एखादा जास्तच माजला, की याला उठवतात. हा जातो, त्या माजलेल्याला चिकटतो, त्याला बॉल घेऊ देत नाही, कोपर खातो, पडतो, आणि घामाने निथळत परत बाकावर येऊन बसतो. बास्केट करायची ती दुसऱ्यांनी. वीसेक वर्षं त्याने हेच केलं.

मी चौथी शिकले. खेळातलं मला जे कळतं ते बघून बघून कळलेलं आहे, त्यामुळे चूकभूल असेल. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. लोक ते वेगळंच सांगतात म्हणून लिहिते आहे.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहतो, दोन खोल्यांत. नवरा कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि मागोमाग तोही गेला. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायचे. मुलगा शाळा सुटली की तिथे यायचा आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून पाय हलवायचा. नवऱ्याची उंची त्याला आली होती. सातवीत असतानाच शेठच्या डोक्याच्या वर गेला, ते शेठला आवडायचं नाही. गल्लीच्या टोकाला एका शाळेचं सिमेंटचं कोर्ट होतं. तिथे एक सिंधी सर पोरांना शिकवायचे. ते एक दिवस कारखान्यात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“ताई, ये लडका मेरे को दे दो. बॉल खेळवतो त्याला.”

“त्याने काय मिळणार?” मी विचारलं.

“मिळेल काय ते मेरे को मालूम नाय. पण रस्त्यावर नाय फिरणार, इतना पक्का.”

खोटं बोलला नाही माणूस. मी मुलगा दिला.

तेव्हा तो टाकायचा. हे आता कोणाला खरं वाटत नाही, पण शाळेच्या टीममध्ये सगळ्यात जास्त बास्केट त्याच्याच असायच्या. सर त्याला कोपऱ्यात उभा करायचे आणि अंधार पडेपर्यंत बॉल टाकायला लावायचे. मी कामावरून सुटून तिथे जाऊन बसायचे. बॉल जाळीतून गेला की एक आवाज येतो, कापड फाडल्यासारखा. तो आवाज सारखा यायचा.

बारावी झाल्यावर त्याला एका मोठ्या खात्याने बोलावलं. खात्याचं नाव लिहीत नाही. त्यांची टीम देशभर खेळते. नोकरी नव्हे, करार. वर्षा-वर्षाचा. महिन्याला ठरलेले पैसे, बूट, कपडे, गावोगावचा प्रवास. चांगला खेळलास तर पुढे कायम करू म्हणाले. पहिल्या आठवड्यात तो घरी आला आणि पायातले बूट न काढताच बसला.

“आई, कोच म्हणाले, टाकायचं नाही.”

“म्हणजे?”

“टाकणारे आहेत त्यांच्याकडे. मी फक्त अडवायचं. बॉल हातात आला की दुसऱ्याला द्यायचा.”

“पैसे तेवढेच देणार ना?”

“तेवढेच.”

“मग अडव.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. आमच्या कारखान्यात एक कारागीर होता, तो फक्त चेन लावायचा. खिसा दुसरा शिवायचा, कंबर तिसरा. चेन लावणाऱ्याचा हात असा बसला होता की तो मशीनकडे न बघता बोलत बोलत चेन लावायचा. काम असंच असतं. सगळेच पूर्ण पॅन्ट शिवायला लागले तर संध्याकाळपर्यंत एक पॅन्ट होणार नाही.

अडवण्याचं काम तो शिकला. त्यातलं एक काम तर बघवायचं नाही. समोरचा धावत येत असला की हा त्याच्या वाटेत जाऊन उभा राहायचा. हलायचं नाही, हात पुढे करायचे नाहीत. तो गडी येऊन छातीवर आदळायचा आणि हा पाठीवर पडायचा. मग शिट्टी वाजायची, चूक आदळणाऱ्याची धरायचे आणि बॉल आपला. पोराला गाडीच्या वाटेतून बाजूला हो म्हणून सांगण्यात माझा जन्म गेला, आणि याला पैसे मिळत होते ते वाटेत उभं राहण्याचे. पडला की टीममधले चौघे धावत येऊन त्याला हात धरून उठवायचे. त्याला ते आवडायचं. मला म्हणाला होता, “बास्केट झाली की एकाची होते, आई. मी पडलो की चौघे येतात.” मी म्हटलं, कंबर एकाचीच जाते.

वर्षं गेली. त्याच्याबरोबरचे एकेक जण कायम झाले. टाकणारे झाले. टाकणाऱ्यांची नावं पेपरात येतात, आणि कायम करणारे साहेब पेपर वाचतात. माझा मुलगा कितीदा पडला हे कोणी छापत नाही. दर वर्षी कोच म्हणायचे, पुढच्या वर्षी तुझंच. कोच चार बदलले, वाक्य तेच राहिलं. भरतीचं वय निघून गेलं तेव्हा तो कुठेतरी दक्षिणेत खेळत होता. फोनवर मला म्हणाला, “आई, आज जिंकलो.” मी म्हटलं, बरं.

त्याचं लग्न झालं. सून बदलापूरला एका शाळेत शिकवते, तीही करारावरच. घरात दोन माणसं कमावती आणि दोघांनाही पुढच्या वर्षाचं माहीत नाही. एक नात आहे. गुडघ्यात पाणी व्हायला लागलं तसा तो डॉक्टरकडे जाऊन ते काढून यायचा आणि दुसऱ्या दिवशी खेळायचा. संडासातून उठताना नळाला धरून उठायचा. ते त्याच्या टीमला माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

मग या वर्षी खात्याने सांगितलं की करारावरचे सगळे मार्चनंतर बंद. फक्त एकाला खास बाब म्हणून कायम करणार. बाकीच्यांची नावं आधीच कटली आणि दोघे उरले. एक माझा मुलगा. दुसरा विदर्भातला एक पोरगा, याच्याहून दहा वर्षांनी लहान, टाकणारा. तो उल्हासनगरला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायचा. माझ्या मुलाला दादा म्हणायचा, मला काकू. पोरगा चांगला होता, तीच पंचाईत. वाईट असता तर सोपं झालं असतं.

मोठे साहेब एक-दोन सामने बघून ठरवणार होते. हे उल्हासनगरच्या सरांना कळलं. सर आता म्हातारे झालेत, काठी घेऊन चालतात, पण दर वर्षी स्वतःची स्पर्धा भरवतात. त्यांनी या वर्षी खात्याची टीम बोलावली आणि पाहुणे म्हणून त्या साहेबांनाच बोलावलं. मला फोन केला. “ताई, साहेब को मैं ला रहा हूँ. कोर्ट अपना, रिंग अपनी. बचपन से इधरच टाकतो तो. आता त्याला बोला, टाक.”

टीम फायनलला पोचली. आदल्या दिवशी सकाळचा सामना संपवून सगळे आमच्याकडे जेवायला आले. मी मटण केलं होतं. आठ-दहा ताडमाड पोरं आमच्या बाहेरच्या खोलीत बसली की भिंती आत आल्यासारख्या वाटतात.

“काकू, पंखा बंद करा,” एक जण म्हणाला. “उठताना मुंडकं जाईल.”

“जाऊ दे. त्यात काय आहे?” मी म्हटलं.

सगळे हसले. मग कॅप्टनने भाकरी खाली ठेवली आणि म्हणाला, “ऐका रे. उद्या बॉल दादाला. मी कोचशी बोललोय, दादा सुरुवातीपासून खेळणार. जो बॉल येईल तो दादाला द्यायचा. साहेबांना दिसलं पाहिजे.”

“मला रिंग कुठल्या बाजूला असते तेच आठवत नाही आता,” माझा मुलगा म्हणाला.

“आम्ही बोट दाखवतो, तुम्ही टाका.”

विदर्भातला पोरगा खाली मान घालून जेवत होता. तो म्हणाला, “दादा, मीपण तुम्हालाच देईन. माझं वय आहे अजून. मला दुसरीकडे पण भेटून जाईल.” ते त्याने मनापासून म्हटलं. घास गिळायला त्याला वेळ लागला, पण म्हटलं.

मी माझ्या मुलाला सांगितलं, “उद्या कोणाला बॉल दिलास तर घरात घेणार नाही.”

पोरं पुन्हा हसली. सून हसली नाही. मीपण नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत सामना सुरू झाला. सिमेंटच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. सरांनी मला आणि सुनेला पुढे खुर्च्या दिल्या. पलीकडे साहेब बसले होते, गॉगल लावून, आणि त्यांच्याजवळ दोघे-तिघे मान हलवणारे. माझा मुलगा पहिल्यांदाच सुरुवातीच्या पाचांत होता. पहिला बॉल त्याला दिला. त्याने टाकला, तो लोखंडावर आपटून बाहेर आला. दुसरा टाकला, तो गेला. सर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात आपटून म्हणाले, “देखा? देखा?”

तिथून पुढे मी नुसती बघत होते. पोरं शब्दाला जागत होती. बॉल त्याच्याकडे यायचा आणि त्याच्या हातातून निघून जायचा. तो बघायचा, कोण मोकळा आहे, आणि द्यायचा. पुन्हा त्याला द्यायचे, पुन्हा तो द्यायचा. कॅप्टन ओरडत होता, “दादा, टाका ना.” त्याने एक-दोनदा टाकलाही, पण तो उसना हात होता. खुर्चीवर बसूनही मला ते कळत होतं. समोरच्या टीमचा एक दांडगा मात्र त्याने पुरता बांधून ठेवला. त्याच्यासमोर दोनदा पडला. साहेब तेव्हा फोनवर बोलत होते.

शेवटी एका गुणाने आपण मागे आणि वेळ संपत आलेली. विदर्भातल्या पोराने बॉल घेतला आणि आत घुसला. दोघे त्याच्या अंगावर गेले. त्याने उडी मारली, आणि वरच्या वर माझ्या मुलाला बॉल दिला. माझा मुलगा रिंगच्या खाली उभा होता. त्याच्यासमोर कोणी नव्हतं. तिथून मीसुद्धा टाकला असता. सून उठून उभी राहिली होती. बॉल त्याच्या हातात आला. दोन्ही गडी वळून त्याच्याकडे धावले, म्हणून तो पोरगा मागे मोकळा झाला. माझ्या मुलाच्या मानेला एक झटका बसला, बघितल्यासारखा, आणि बॉल परत गेला. पोरालाही ते अपेक्षित नव्हतं. पण त्याचे हात टाकणाऱ्याचे आहेत. त्याने टाकला आणि तो गेला. कापड फाडल्याचा आवाज झाला आणि भोंगा वाजला.

जिंकलो म्हणून सगळे नाचायला लागले. माझा मुलगापण नाचत होता. क्षणभर तोही विसरला होता की कशासाठी खेळत होतो. मग त्याने आमच्या खुर्च्यांकडे बघितलं आणि त्याचे हात खाली आले.

सर काठी टेकत त्याच्याकडे गेले. “गधे,” म्हणाले, “किसके लिए बुलाया था मैंने उसको?” मुलगा खाली वाकून त्यांच्या पाया पडला. ती वेळ पाया पडायची नव्हती.

मी साहेबांकडे गेले. सून नको नको म्हणत होती. साहेबांच्या हातात सिंधी नाश्त्याची, दालपकवानची प्लेट होती आणि शेजारी विदर्भातला पोरगा फोटोला उभा होता, रडवेल्या तोंडाने.

“साहेब, शेवटचा बॉल ज्याने दिला ना, तो माझा मुलगा.”

“अरे वा. मावशी, फार चांगला मुलगा. टीमसाठी खेळतो.”

“मग त्याला कायम करा. त्याचं वय गेलंय. दुसरीकडे कोणी घेणार नाही.”

“बघू मावशी. वरून ठरतं सगळं.”

“वर तुम्हीच बसता ना?”

त्यांनी पकवानाचा तुकडा मोडला आणि मान हलवणाऱ्यांकडे बघितलं. एकाने मला खांद्याला धरून खुर्चीवर आणून बसवलं. पुढच्या आठवड्यात कळलं, पोरगा कायम झाला.

आणि मग लोकांनी सुरू केलं. विहारातल्या बायका म्हणाल्या, केवढं मन तुमच्या मुलाचं. शेजारचा म्हणाला, आजच्या जगात असा त्याग कोण करतो. कोणीतरी मोबाईलवर तो शेवटचा बॉल फिरवला, त्याच्यावर हात जोडलेली चित्रं लावून. मला रस्त्यात थांबवून दाखवायचे. मी म्हणायचे, बघितलाय मी.

मी त्याला विचारलं होतं. सामन्याच्याच दिवशी दुपारी. तो गुडघ्यावर बर्फ धरून भिंतीला टेकून बसला होता.

“खरं सांग. त्याला नोकरी मिळावी म्हणून दिलास?”

“नाही गं. मला पाहिजे होती नोकरी. काल झोप नाही लागली मला.”

“मग का दिलास?”

“दिला नाही, आई. बॉल हातात आला, तो मोकळा दिसला. गेला बॉल.” बर्फ सरकवत म्हणाला, “मला कळलं तेव्हा तो त्याच्या हातात होता.”

यात त्याग कुठे आहे? चेन लावणाऱ्याला एक दिवस अख्खी पॅन्ट शिवायला बसवली, त्याने चेन लावून पॅन्ट पुढे सरकवली. एवढंच झालं. त्याला तसा बनवला, तो तसा बनला, तसा बनला म्हणून इतकी वर्षं ठेवला, आणि शेवटी विचारलं की तू टाकत का नाहीस.

विदर्भातला पोरगा पेढे घेऊन आला. दारातच माझ्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. “काकू, दादांनी माझ्यासाठी आपली नोकरी सोडली. मी जन्मभर विसरणार नाही.”

मी म्हटलं, “ऊठ. त्याने तुझ्यासाठी काही केलेलं नाही. सवयीने दिला. त्याला ती नोकरी तुझ्याइतकीच हवी होती. तू ओझं घेऊ नकोस आणि उपकारही मानू नकोस. चांगला खेळ आणि घरी पैसे पाठव.”

आतल्या खोलीत माझा मुलगा होता. त्याला ऐकू गेलं असणारच, घर केवढं आमचं. तो बाहेर आला, पोराला मिठी मारली, पेढा खाल्ला. तोंडावर काही दिसू दिलं नाही. पोरगा गेल्यावर सून स्वयंपाकघरात मला म्हणाली, “आई, तेवढं तरी त्यांच्याकडे राहू द्यायचं होतं. लोक चांगलं म्हणत होते, म्हणू द्यायचं.”

“खोटं कशाला म्हणू द्यायचं?”

“त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय?”

मी पेढ्यांचा बॉक्स झाकून फळीवर ठेवला. सून दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

मार्च संपला. बूट परत द्यायचे नसतात, ते राहिले. तो पहाटे उठून बसायचा, पाय लांब करून, कुठे जायचं नसताना. कॉलेजांत कोच म्हणून विचारलं, त्यांना कोर्स केलेला माणूस पाहिजे. रिक्षा चालवून बघितली, गुडघे हँडलला लागतात, वळवता येत नाही. रिक्षावाला म्हणाला, दादा, तुम्ही मागे बसा, मी चालवतो. तो तेव्हा हसला, घरी येऊन सांगताना नाही हसला. एकदा मी बाजारातून आले तर तो नातीला भिंतीजवळ उभी करून तिच्याकडे बॉल टाकत होता, आणि ती टाकू लागली की म्हणत होता, “अशी नाही, आधी बघ कोण मोकळा आहे.” मी त्याच्या हातातून बॉल घेतला आणि माळ्यावर टाकला. नात रडली.

शेवटी सुनेच्या शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने बेलवलीला एका टॉवरच्या गेटवर काम लागलं. त्यांना उंच माणूस हवाच होता. गणवेशाची बाही मनगटाच्या चार बोटं वर राहते. बारा तास उभं राहायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे, येईल त्याला सलाम करायचा. गुडघा दुमडून बसता येत नाही, त्यामुळे उभं राहण्याचं त्याला काही वाटत नाही, असं तो सांगतो. संध्याकाळी आला की पायाचा घोटा कुठे आणि पोटरी कुठे ते कळत नाही.

परवा जेवताना म्हणाला, अकरा महिन्यांवर ठेवलंय, मग एजन्सी बदलते, नवी एजन्सी जुन्या माणसांना ठेवेल असं नाही.

सून ताट उचलून आत गेली. मी विचारलं, “तिथे कायम किती जण होतात?”

“कोणीच नाही होत, आई.”

“मग तुझ्याआधी तरी कोणी कायम होणार नाही,” मी म्हणाले. त्याला बरं वाटेल म्हणून म्हणाले होते. त्याने भातात आमटी ओतली आणि खाली मान घालून जेवत राहिला.